न भाजलेला वाफा

भाताचं रोप टाकायच्या आधी आमच्याकडे राब भाजतात. वाफ्यावर शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा पसरायचा, वर थोडी माती टाकायची आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. तण मरतं, रोप जोमानं येतं. मी शाळा चौथीतच सोडली, पण हे काम मला तेव्हाही येत होतं.

माझी मुलगी एसटीनं पुण्याला जाऊन पर्यावरणशास्त्राची पदवी करत होती. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला तिनं राबच घेतला. "दरवर्षी एवढी झाडं छाटतो आपण. न भाजता रोप येतं का ते बघायचंय," म्हणाली. तिनं शेजारी शेजारी दोन वाफे धरले. एक भाजला, दुसरा तसाच ठेवला. "आई, दोघांना सारखंच वागवायचं हां. ह्याला वेगळं काही घालू नकोस."

तिचे वडील हसले. "राब बंद करायला पाठवली व्हय कॉलेजात? रोप न्हाई आलं, तर कॉलेज बंद. मग स्थळ बघतो."

ते चेष्टेत बोलले असतील. पण घरी स्थळांची बोलणी चालली होती, हे मला माहीत होतं. मला वाटलं, न भाजलेल्या वाफ्यात रोप पिवळं आलं तर पोर नापास होणार आणि तिचं शिक्षण तिथंच संपणार.

पेरणीच्या आधी एक दिवस ती कॉलेजला गेली होती. मी भाजलेल्या वाफ्यातली राख घमेल्यात भरली, खड्ड्यातलं कुजलेलं शेणखत घेतलं आणि दोन्ही तिच्या न भाजलेल्या वाफ्यात हातानं कालवली. वर कोरडी माती ओढली. रोप उगवल्यावरही ती एसटीला गेली की त्या वाफ्यातलं तण उपटत होते.

दोन्ही वाफे सारखेच हिरवेगार आले. ती पट्टी घेऊन रोपं मोजत बसली होती. उठून मला मिठी मारली. "बघितलंस? न भाजता येतंय!" मी म्हणाले, "व्हय गं." एवढंच म्हणाले.

ती चांगल्या मार्कांनी पास झाली. स्थळांची बोलणी थांबली. मला वाटलं, झालं ते चांगलंच झालं.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांनी सवयीनं आमचा राब भाजला, पण माझ्या धाकट्या जावेनं भाजलाच नाही. "आपली पोर एवढी शिकलीया, तिचं ऐकाय नको?" असं सगळ्यांना सांगत होती. मी खरं सांगायला तिच्या दारापर्यंत दोनदा गेले. पाणी पिऊन परत आले.

तिचं रोप पिवळं पडलं, तणानं गिळलं. लावणीच्या तोंडावर ती आमच्या बांधावर आली. "बाई, तुझ्या शिक्षणानं आमचं रोप खाल्लं की गं," माझ्या मुलीला म्हणाली आणि हसली. ते हसणं खरं नव्हतं. माझी मुलगी घरी येऊन प्रकल्पाचे कागद पसरून बसली. "माझंच मोजताना कुठंतरी चुकलंय," पुन्हा पुन्हा म्हणत होती. जेवलीही नाही.

तेव्हा मला राहवलं नाही. चुलीपाशी बसून सगळं सांगितलं, राख, खत, तण. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "अगं, रोप वाईट आलं असतं तरी मी पास झाले असते. कसं येतं, तेच तर लिहायचं होतं."

हे मला कधी कळलंच नव्हतं. मी तिला विचारलंही नव्हतं.

ती उठली आणि जावेकडं निघाली. मी मागोमाग गेले. जाताना ठरवलं होतं, आपणच खरं सांगून टाकायचं. अंगणात जाऊ भांडी घासत होती. माझी मुलगी तिच्यापुढं उभी राहिली. "काकू, चूक माझी. मी प्रयोग नीट केला नव्हता. आमच्या वाफ्यातलं रोप घेऊन जा."

"असू दे गं. शिकतानाच चुकतं माणूस," जाऊ म्हणाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पोरीला ओरडू नका हां, ताई."

मी मान हलवली.