आत्यानं रोबोटला विचारलेला प्रश्न

"काही न्हाई गं त्याच्यात… पोटात टेप बसवलाय नुसता," माझ्या मागे उभा असलेला एक माणूस बायकोला सांगत होता.

ऐकून मला बरं वाटलं, कारण मी मनात तेच म्हणत होते. करणी, भुताटकी, अंगात येणं — यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं लिहायला हात धजत नाही. जे घडलं तेवढं सांगते. नावं बदलली आहेत.

हिंगोलीचं दसरा प्रदर्शन. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची दुपार, साधारण चार वाजलेले, लख्ख ऊन. साल दोन हजार तीन असेल किंवा चार. मी अकरावीला होते. पुसेगावची आत्या माझ्यासोबत होती. आणि आमच्यासमोर तो — चंदेरी रंग दिलेला, माणसाएवढा पत्र्याचा रोबोट. डोळ्यांच्या जागी लाल बल्ब, छातीवर लुकलुकणारी माळ, कमरेला अडकवलेले हेडफोन. ते कानाला लावले की हिंदीतून भविष्य ऐकू यायचं. तुमच्यापैकी अनेकांनी असे रोबोट जत्रेत पाहिले असतील.

शाळेत मी रोबोटवर प्रोजेक्ट केला होता. गाड्यांना वेल्डिंग करणारे, रंग मारणारे, समुद्राच्या तळाशी उतरणारे, ऑपरेशनमध्ये डॉक्टरांना मदत करणारे… सगळ्यांची चित्रं चिकटवली होती. त्यामुळे हा रोबोटच नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

"सुन्याच्या कंपनीत हाय तो ह्योच का गं?" आत्यानं विचारलं.

सुनीलदादा म्हणजे आत्याचा एकुलता एक मुलगा. पुण्याला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत होता. तिथल्या वेल्डिंग रोबोटपुढे पार्ट लावायचं त्याचं काम.

"तो वेगळा असतो आत्या. त्याला नुसता एक हात असतो."

"मंग भाऊबंद तर आसतील!" आत्या हसली, आणि मधेच थांबली. "तीन हप्ते झाले, पोराचा फोन न्हाई. मला हिंदी समजत न्हाई, तू लाव ते कानाला. आन् इचार त्याला, आमचा सुन्या बरा हाय का."

त्याला काही विचारता येत नाही, हे मी सांगेपर्यंत आत्यानं त्या पत्र्याच्या छातीशी तोंड नेऊन मोठ्यानं विचारलंसुद्धा — "काय रे बाबा, आमचा सुन्या बरा हाय का?"

"मावशी, त्याला पत्ता तर सांगा!" रांगेतून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. मला इतकी लाज वाटली की मी मान खाली घालून पटकन हेडफोन चढवले.

"आप दिल के बहुत साफ हैं…" गोड, गुळगुळीत पुरुषी आवाज.

"तू मनानं साफ आहेस म्हणे."

"ते हायेच मी."

मग थोडी खरखर. आणि मग तोच आवाज, त्याच गोड सुरात —

"सुनील पिंजरे के अंदर है. स्विच मत दबाइए."

त्या बोलण्यामागे एक बारीक आवाज. शूं… टक. शूं… टक. तेच वाक्य तीनदा आलं. आणि लगेच, जणू काही झालंच नाही — "आपका शुभ रंग पीला है…"

मी हेडफोन काढले.

"काय म्हणला गं?"

"शुभ रंग पिवळा…"

मी रोबोटच्या मालकाला ते पुन्हा लावायला सांगितलं. "बेटी, एक ही कैसेट है, सबको एक ही बात बोलता है," म्हणत त्यानं टेप मागे नेली. या वेळी 'दिल के साफ'नंतर थेट 'शुभ रंग'. मधे खरखरसुद्धा नाही.

मालकानं गंमत केली असेल का? पण तो माझ्यासमोर पान लावत बसला होता. आणि कंपनीतल्या रोबोटभोवती जाळीचा पिंजरा असतो, हे तिथे मी सोडून कोणाला माहीत असणार? मलाही फोटो पाहून माहीत होतं.

कंपनीच्या गेटवरचा फोन नंबर आत्याच्या बटव्यात चिठ्ठीवर होता. चिठ्ठी घेऊन, आत्याला बांगड्यांच्या दुकानाशी उभं करून मी एसटीडी बूथमध्ये गेले. दुकानदाराकडे सुटे मागायलाही मी घाबरायचे. अनोळखी माणसाशी फोनवर तर कधी बोललेच नव्हते.

"आज मशीन बंद आहेत, खंडेनवमीची पूजा चालू आहे. कोण बोलतंय?" वॉचमन होता.

माझा आवाजच फुटेना. "हॅलो… हॅलो…" तो फोन ठेवणार, एवढ्यात मी ओरडले, "स्विच दाबू नका! सुनील पिंजऱ्यात आहे! पळा!"

रिसीव्हर टेबलावर आदळला. पळणाऱ्या पावलांचा आवाज आला. मग लाइनच कटली.

आत्याला म्हटलं, फोन लागला नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला, तो ठीक होता. बाकी काहीच बोलला नाही.

दिवाळीला तो आला तेव्हा सगळं कळलं. पूजेला रोबोटच्या हाताला हार घालायला तो जाळीच्या आत गेला होता. मागे दार लागलं. बाहेर नारळ फुटला, आणि नवीन साहेब मुहूर्तावर मशीन सुरू करायला मेन स्विच दाबणार तोच वॉचमन ओरडत आला.

"एक पोरगी होती म्हणे फोनवर. नाव न्हाई सांगितलं." आत्या चुलीपाशी होती. दादानं आवाज उतरवला. "खरं सांगू? मेन स्विच बंद होता तवा. तरी बी हार घालताना त्यो हात आपोआप हलला. शूं… टक, आसा. माझं तोंडच उघडंना वरडायला."

तो आवाज मी कोणालाही सांगितला नव्हता. आज मी स्वतः इंजिनीअर आहे, कंट्रोल पॅनलवर काम करते. बंद मशीनमध्ये दाबाखाली साठलेली हवा असू शकते, त्यानं हात हलू शकतो, एवढं मला समजतं. पण हिंगोलीतल्या त्या कॅसेटचं काय, ते समजत नाही. अजूनही नाही.

आठ दिवसांनी दादाला पुन्हा त्याच मशीनपुढे उभं राहायचं होतं.

"मला येवढंच कळंना," तो म्हणाला, "त्या पोरीला कुणी सांगितलं आसंल?"

मी आत्याकडे पाहिलं. तिची पाठ आमच्याकडे होती.

"मशीननंच सांगितलं मला, दादा."