जमिनीवरचा कंदील

किल्लारीत अंबिकाच्या घरात डोक्यावर काहीही टांगलेलं चालत नाही. पंखा नाही, फळी नाही, देवाची तसबीर नाही, कपडे वाळवायची दोरीसुद्धा नाही. भूकंपानंतर नवं गाव बसलं तेव्हा बांधून मिळालेल्या या घराच्या छताला पंख्यासाठी एक लोखंडी कडी आहे. ती घर मिळालं तेव्हापासून रिकामीच आहे. मे महिन्यात लातूर जिल्ह्यात माणूस भाजून निघतो, तेव्हाही या घरात टेबलफॅन जमिनीवर बसून पायांना वारा घालतो. डोक्यानं आपलं आपण बघावं.

कायदा अंबिकाच्या आईचा, साखराबाईचा. निदान अख्खं गाव तसंच समजत होतं आणि अंबिकाही. त्र्याण्णवच्या त्या पहाटे जुन्या घराचं माळवद खाली आलं. दोन हात जाडीची पांढरी माती, लाकडी तुळया, दगडी भिंती, सगळं एकदम. अंबिकाचे वडील आणि चार वर्षांचा भाऊ त्याखाली राहिले. अकरा वर्षांची अंबिका आणि साखराबाई दारालगत निजल्या होत्या म्हणून वाचल्या. एवढं झाल्यावर त्या बाईला ‘पंखा लावून घ्या’ असं सांगायची कुणाची छाती होणार?

या कायद्यापायी अंबिकाचं लग्नही राहिलं. एका एप्रिलमध्ये नळेगावचे पाहुणे तिला बघायला आले. मुलाच्या आत्यानं घाम पुसत वर बघितलं आणि विचारलं, “पंखा दुरुस्तीला टाकला का?”

“न्हाई. आम्ही लावत न्हाई,” अंबिका म्हणाली.

“आमच्याकडं चार पंखे हायती.”

“मग मी माझ्या खोलीतला काढून ठिवीन.”

पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. अंबिकानं ते पोहे सावकाश संपवले. वाया कशाला घालवायचे?

दिवाळीत पोरासोरांना तर चेवच यायचा. गावभर आकाशकंदील दारात उंच लोंबायचे आणि यांचा कंदील उपड्या टोपलीवर, उंबऱ्याशेजारी. “अंबीचा कंदील पडला! अंबीचा कंदील पडला!” म्हणत पोरं नाचायची. एकदा तिनं त्यातल्या एकाची गचांडी धरली आणि त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन सांगितलं, “पडला न्हाई. बसलाय!”

पुढे ती लातूरला चित्रकलेचा कोर्स करून शाळेत शिक्षिका झाली, तासिका तत्त्वावर. लातूर हे डॉक्टर-इंजिनिअर पिकवणारं शहर. तिथं चित्रकलेचा तास म्हणजे फिजिक्सच्या सरांनी हक्कानं मागून घ्यायचा तास. बारा वर्षं अंबिकानं ते चालवून घेतलं. मग एके दिवशी मुख्याध्यापकांनी तिला बोलावून सांगितलं, की मुलांना परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतले गोळे नीट काळे करता येत नाहीत, तुमचा हात चांगला आहे, तेवढं शिकवा. अंबिकानं फळ्यावर एक गोळा काढला, खडूनं तो भरला, हात झटकले आणि जी निघाली ती थेट किल्लारीच्या एसटीत बसली.

त्यानंतर औशाच्या ग्यानोबा कुंभारांकडे तिनं सहा महिने माती तुडवली. घरामागं पत्र्याची शेड उभी केली, विजेची भट्टी बसवली आणि शेजारच्या बबिताला हाताशी घेऊन दिवे करायला लागली. चाक नाही, साचा नाही. मातीच्या वळ्या करायच्या आणि एकीवर एक चढवत न्यायच्या. कुठला दिवा उतरंडीसारखा, कुठला कडब्याच्या पेंढीसारखा. एक वारुळासारखा, अंगभर भोकं पाडलेला, त्याचा उजेड भिंतीवर असा सांडतो की बघणारा भिंतीला हात लावून बघतो. सगळे गुडघाभर उंचीचे आणि सगळे जमिनीवर ठेवायचे. प्रत्येकाच्या बुडाला शिक्का, ‘बसलाय’. तिच्या स्टुडिओचं नावही तेच. पुण्या-हैदराबादची गिऱ्हाइकं त्याचा अर्थ विचारतात. ती सांगत नाही.

आणखी एक गोष्ट ती सांगत नाही. जुन्या गावठाणात अजून पांढऱ्या मातीचे उंचवटे आहेत. तिथून ती पाटीभर माती आणते, चाळते, पाण्यात कालवते आणि एकदा भाजलेल्या दिव्यावर तिचा लेप देऊन तो पुन्हा भाजते. बाराशे अंशांच्या वर ती माती वितळते आणि दिव्याला मधासारखा रंग चढतो. ज्या मातीनं बाप आणि भाऊ गिळले, तिला अंबिका दर पंधरा दिवसांनी भट्टीत घालते आणि तिचं पाणी पाणी करते. भट्टी तापत असताना तिला शेजारी बसायला आवडतं.

असं सगळं बरं चाललेलं असताना गेल्या उन्हाळ्यात सुदर्शन आला. लातूरचा, इमारतींची आतली सजावट करणारा, तिशीतला, बोलायला गोड. बार्शी रोडला एक मोठं मंगल कार्यालय होत होतं आणि त्याच्या जेवणाच्या हॉलसाठी त्याला साठ दिवे हवे होते. साठ! बबिताच्या हातातला मातीचा गोळा तिथंच राहिला.

सुदर्शन शेडभर फिरला. वारुळाच्या दिव्यापुढे उकिडवा बसून त्यानं बराच वेळ तो न्याहाळला. मग म्हणाला, “ताई, काम एक नंबर हाय. फक्त एक करा, हे सगळं वर न्या. छताला टांगायचे दिवे द्या मला.”

“वर न्हाई जाणार.”

“पंगती बसणार, पोरं पळणार. खाली ठेवलं तर फुटंल ना.”

“मग पोरांनी बघून पळावं.”

सुदर्शन हसला. त्याला आधी कुणीतरी सांगितलेलं असावं, कारण तो आवाज खाली आणून म्हणाला, “मी समजू शकतो, ताई. पण बत्तीस वर्षं झाली. कधीतरी भीती सोडायला पाहिजे.”

“भीती कुणाला हाय?” अंबिका ताडकन म्हणाली. “आमच्या घरचा नियम हाय. तुम्ही शनिवारी नखं कापत न्हाई, ती काय नखांना भिऊन?”

यावर तो गप्प बसला असता तर बरं झालं असतं. पण त्याला वाटलं, बाईला थोडा मान दिला की काम होईल. “आणि दाराशी आपण छान पाटी लावू,” तो म्हणाला. “भूकंपग्रस्त महिलेनं घडवलेले दिवे. लोक थांबून वाचतील.”

अंबिकानं हात पुसले. “भूकंपग्रस्त हा दाखला हाय तहसीलचा. पेटीत हाय माझ्या, लॅमिनेशन करून ठिवलाय. तो दिव्याला चिकटवायचा न्हाई. दिवा बघा. वाईट असंल तर सोडून द्या. चांगला असंल तर वर माझं रडगाणं कशाला पायजे तुम्हाला?”

शुक्रवारपर्यंत वाट बघतो, एवढं म्हणून तो गेला. बबितानं तोंड वळवून माती मळायला घेतली, प्रत्येक गोळा बाकावर दाणदाण आपटत. अंबिकाला त्याचं काही नव्हतं. शेंडी तुटो की पारंबी, आपण नाही म्हटलंय तर नाही.

पण खरं सांगायचं तर तिला त्या पोराचा राग आला होता तो दुसऱ्याच कारणानं. चार वर्षांपूर्वी एका दुपारी वळ्या चढवता चढवता तिच्या हातांनी आपल्या मनानं एका वारुळाच्या दिव्याला वरच्या बाजूला वेगळी तीन भोकं पाडली होती. साखळी अडकवायची भोकं. तिनं तो दिवा मोडला नाही. भाजला, लेप देऊन पुन्हा भाजला आणि पोत्यात गुंडाळून शेडच्या बाकाखाली सरकवून दिला. आजवर केलेल्यात तो सगळ्यात चांगला होता. वरून उजेड पडला तर तो कसा दिसेल, हे बघायला तिचा जीव तळमळायचा. आणि आईच्या घरात राहून आपण चोरी करतोय असंही वाटायचं. म्हातारीनं उभ्या जन्मात मागितलं ते एवढंच, डोक्यावर काही नको. तेवढंही आपण द्यायचं नाही का?

दुसऱ्या दिवशी दुपारी साखराबाई दारात सूप घेऊन तूर पाखडत होती. बहात्तर वर्षांची, कान मात्र तिखट.

“काल त्यो पोरगा काय मागायलता?”

“टांगायचे दिवे.”

“मग?”

“न्हाई म्हणलं.”

“का गं?”

अंबिकाला वाटलं, म्हातारी आता विसरायला लागली. “का म्हणजे? तुला ठाव न्हाई?”

साखराबाईनं सूप खाली ठेवलं. “पोत्यातला काढ,” ती म्हणाली.

“कुठला?”

“बाकाखालचा. झाडताना घावला मला, चार वर्सं झाली. वरच्या अंगाला तीन जादा भोकं हायती त्याला. ती काय वारा यायला पाडलीस?”

अंबिका सुपाशेजारी खाली बसली. “तुझ्यामुळं टांगला न्हाई, आई.”

“माझ्यामुळं?” साखराबाई तिच्याकडे बघतच राहिली. “अगं, भूकंपानंतर सरकारी पत्र्याच्या शेडात होतो आपण, ध्यानात हाय का? खांबाला कंदील टांगलेला व्हता. तू त्याच्याकडं बघायचीस आन् किंकाळ्या फोडायचीस. आठ दिस. शेजारची लोकं बेजार झाली. नवव्या दिशी मी कंदील काढला आन् तुझ्या उशाला भुईवर ठिवला. तवा झोपलीस. मग म्हणलं, ह्या पोरीच्या डोक्यावर आता काय बी नको. पंखा नको, फळी नको, देव बी खालीच बसू दे.”

अंबिकाला यातलं काहीही आठवत नव्हतं. आठवत होता तो फक्त कंदील, जमिनीवर बसलेला, आणि त्याचा उशाजवळचा पिवळा उजेड. आयुष्यभर ती तोच करत आली होती.

“आन् तू?” तिनं विचारलं. “तुला न्हाई भीती वाटत?”

“माझं जे पडायचं ते पडून गेलं, बाई. आता वरून काय पडंल त्याची मला काय फिकीर?” साखराबाईनं पदरानं मान पुसली. “लई उकडतं मला. इतके उन्हाळे काढले तुझ्यापायी.”

अंबिकाला हसू आलं. मग राग आला, नेमका कुणावर ते कळेना. दोघींनी एकमेकींसाठी सांभाळलेल्या एका नियमाखाली अख्खी हयात गेली होती. ती उठली, शेडमध्ये गेली आणि बाकाखालचं पोतं ओढलं.

शुक्रवारी तिनं सुदर्शनला फोन करून सांगितलं, की साठ टांगते दिवे मिळतील, पाटी नाही, आणि बुडाचा शिक्का जेवणाऱ्यांना मान वर करून वाचता आला पाहिजे. तो सगळ्याला हो म्हणाला. पण ते शुक्रवारी. पोतं ओढलं त्या दुपारी चार वाजता घरात वेगळंच चाललं होतं.

बबिता स्टुलावर चढली. कडीचा गंज तिनं काथ्यानं घासून काढला. गोठ्यात बैलाची जुनी साखळी होती, ती तीन भोकांतून ओवली. वायर ओढली, होल्डर बसवला. दिवा वर जायला लागला आणि खालून त्याला आधार देणारी अंबिका चवडे उंचावत त्याच्याबरोबर वर ताणली गेली, हात काढेना. तिनं दात आवळले. भीती कुणाला हाय, असं काल कोण म्हणालं होतं? साखळी कडीत बसली. बबितानं हात सोडला. अंबिकाचे हात मात्र वरच राहिले, दिव्याखाली, झेलायच्या तयारीत.

“सोड गं,” साखराबाई म्हणाली. “किती येळ धरून उभी राहशील?”

अंबिकानं हात खाली घेतले आणि पटकन दारापर्यंत मागं सरली.

साखराबाईनं खिडकी लावून घेतली. वाकळ उचलली, ओढत आणली आणि बरोबर दिव्याखाली अंथरली. मग गुडघ्यांवर हात टेकत बसली, आडवी झाली आणि उताणी होऊन म्हणाली, “लाव.”

अंबिकानं बटण दाबलं. छतभर, भिंतीभर, म्हातारीच्या सुरकुतलेल्या तोंडावर उजेडाचे ठिपके पडले. बबिता स्टुलावरून उतरायची विसरली. चार वर्षं अंबिकाला हेच बघायचं होतं. पण दारातून तो नीट दिसत नव्हता. तो खालूनच बघायला हवा होता.

ती आली आणि आईच्या शेजारी आडवी झाली. वर पांढऱ्या मातीचा मधासारखा दिवा, बैलाच्या साखळीला, सरळ तिच्या कपाळाच्या वर. डोळे मिटावेसे वाटत होते, तिनं ते मिटू दिले नाहीत. मग वाकळेच्या बाहेर हात लांबवून तिनं तळवा फरशीवर जोरात आपटला.

“हल,” ती जमिनीला म्हणाली. “हल की आता!”

दिवा जागचा हलला नाही.

“झालं भांडून?” साखराबाई म्हणाली. “आता पंख्याला दुसरी कडी ठोकून घे.”