आबनुसाच्या खुर्चीचे हात

डोंगरकडा गावच्या भागवत सुताराच्या पणज्यानं हिंगोलीच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबासाठी आबनुसाची खुर्ची घडवली होती. साहेबाची बदली झाली आणि खुर्ची सुताराच्याच घरी राहिली. कोळशासारखं काळं लाकूड, दोन्ही हातांवर कोरलेले मोर.

भागवत पंचविशीत असताना त्याच्या वडिलांना, व्यंकटरावांना, लकवा मारला. एक दिवस ते म्हणाले, "मला आज्याच्या खुर्चीवर अंगणात बसव."

दार खुर्चीनंतर कधीतरी बसवलेलं, अरुंद. खुर्ची काही निघेना. भागवतानं करवत घेतली आणि मोरांसकट दोन्ही हात कापून टाकले. खुर्ची अलगद बाहेर आली. आपल्या अक्कलहुशारीवर खूश होऊन त्यानं वडिलांना उचलून आणलं, पण ते बसेचनात. चांगल्या हाताची बोटं कापलेल्या जागेवरून फिरवत राहिले.

"दार कापायचं व्हतं, पोरा," ते म्हणाले. "दार तं माझ्या हातचं हाय. दुसरं केलं असतं."

पुढं ते तीन महिने जगले, पण अंगणात न्यायला पुन्हा सांगितलं नाही.

भागवतानं मोर सरसानं चिकटवून पाहिले, खिळे मारून पाहिले. हाताचा भार पडला की ते निखळायचे. आता त्यानं साठी ओलांडलीय, तरी सुटे मोर घेऊन बसतो.

"काहून जीव जाळता?" बायको साधना म्हणते. "मामंजी रागावले तं न्हाईत."

"रागावले असते तं बरं झालं असतं," भागवत म्हणतो.