दसऱ्याला बसवलेला पहारेकरी

माझा स्वभाव तापट, आणि यंत्रांच्या बाबतीत तर विचारूच नका. पण एका अँटीव्हायरसने मला जेवढं रडवलं तेवढं माझ्या सासूबाईंनीही कधी रडवलं नाही, आणि त्या काही कमी नव्हत्या!

घरोघरी ब्रॉडबँड नुकतं येत होतं, तेव्हाची गोष्ट. पंचवटीतल्या आमच्या घरी मी लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल असं काहीबाही टाइप करून द्यायचे. त्या वर्षी मात्र घरचंच काम हातात होतं. माझे सासरे, नाना, हरसूलकडच्या शाळेत आयुष्यभर मास्तर होते. तिथल्या मुलांच्या घरची बोली त्यांनी सहा वह्यांत उतरवून ठेवली होती. शब्द, अर्थ, आणि तो कुठल्या पाड्यावर ऐकला तेसुद्धा. त्याचं पुस्तक करायचं होतं.

काचबिंदूने नानांचा एक डोळा गेला होता आणि दुसराही चालला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आहे ती नजर किती दिवस राहील याचा भरवसा नाही. आणि नानांचा हट्ट एकच, प्रूफ मीच वाचणार. "ते शब्द तुला ठाऊक नाहीत सूनबाई. तू सुधारायला जाशील आणि पार वाट लावशील." खरंच होतं ते. भिंग धरून दिवसाला जेमतेम एक पान व्हायचं त्यांचं.

दसऱ्याला मी दरवर्षी कॉम्प्युटरची पूजा करायचे. मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डला हळदकुंकू, तेही बेताने, कारण एकदा त्याने स्पेसबार चिकटला होता. त्या वर्षी मुहूर्त चांगला म्हणून नवा अँटीव्हायरसही बसवला. आधी जुना काढायला हवा होता, एवढं मला कळत होतं. पण सणासुदीला काढाकाढी कुठे करायची? म्हटलं, असू दे बापडा, दोघं मिळून राखण करतील.

कसली राखण! दोघं एकमेकांवरच संशय घ्यायला लागले. मशीन गोगलगायीसारखं चालायला लागलं. त्यात जुन्याने ठरवलं की मराठी टाइप करायचं माझं सॉफ्टवेअर हाच व्हायरस. मी सीडीवरून ते परत टाकायचे, हा परत उचलून कोंडायचा. नानांच्या पुस्तकाची फाइल उघडेचना.

जुन्याला काढायला गेले तर पासवर्ड मागायला लागला. तो पासवर्ड घालणारा माणूस मालेगावला निघून गेलेला, फोन लागत नव्हता. फोल्डर डिलीट करावं तर परवानगी नाही म्हणे. बंद करावा तर हा पुन्हा हजर. "मेल्या, घर माझं की तुझं?" मी स्क्रीनवर ओरडले.

असे दहा दिवस गेले. नाना रोज सकाळी विचारायचे, "आज पानं निघतील का गं?" त्या दिवशी हे विचारतानाच त्यांनी चहाला हात पुढे केला, आणि तो कपाच्या शेजारी पडला. माझा राग कुठल्या कुठे गेला. नुसती भीती उरली.

मी तशीच गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासच्या मॅडमकडे गेले. फारशी ओळखसुद्धा नव्हती. बाई दुपारची बॅच सोडून माझ्याबरोबर आल्या. आधी पुस्तकाची फाइल सीडीवर उतरवून घेतली, इंटरनेटची वायर काढली. मग म्हणाल्या, "हा जागा असताना हलायचा नाही. याला उठूच द्यायचं नाही." मशीन सुरू होताना त्यांनी एफ-आठ दाबलं आणि सेफ मोडमध्ये गेल्या. तिथे फक्त अगदी गरजेचं तेवढंच चालू होतं, त्यामुळे तो गप्प पडून होता. त्याचं फोल्डर उडवलं. मग रजिस्ट्रीत, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, त्याचं नाव शोधशोधून एकेक नोंद पुसली, पुसण्याआधी प्रत्येक नोंद कागदावर लिहून घेत. केवढा तो धीर! मी असते तर केव्हाच हातोडा आणला असता.

तेवढ्यात मागून नाना ओरडले, "थांबा! हे मला दिसतंय!"

सेफ मोडमध्ये स्क्रीनवरचं सगळं मोठमोठं, बटबटीत दिसतं. कोपऱ्यातली 'सेफ मोड' अशी दोन इंग्रजी शब्दांची पाटी नानांनी खुर्चीतूनच वाचली.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "मग यांना पानं मोठ्या अक्षरांत काढून द्या की!"

अगं बाई! इतकी वर्षं या धंद्यात, पण प्रूफ पुस्तकाच्याच मापात काढायचं ही सवय हाडीमासी भिनलेली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा जुन्याचा मागमूस नव्हता. मराठी परत टाकलं, या वेळी ते टिकलं. फाइल उघडली आणि मी बोटाएवढ्या अक्षरांत पहिलं पान काढलं. नाना मोठ्याने वाचत चौथ्या ओळीपर्यंत आले आणि कडाडले, "हे काय टाइप केलंयस? मास्तराच्या घरात राहतेस ना?" बोलणी खाऊन इतका आनंद मला आयुष्यात झाला नाही. मॅडमही डोळे पुसत हसत होत्या. त्या बाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

होळीपर्यंत नानांनी सगळी प्रुफं तपासली, एकही पान दुसऱ्या कुणाला बघू न देता. पुस्तक छापून आलं तेव्हा त्यांना काही दिसत नव्हतं. त्यांनी ते हातात घेतलं, पहिलं पान उघडून त्यावरून बोट फिरवलं.

"चौथ्या ओळीतलं दुरुस्त केलंस ना गं?"

"केलं, नाना."

"मग वाचायला काही राहिलं नाही माझं," ते म्हणाले आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.