यूस्तीना हुमार आणि आमच्या चर्चचा ऑर्गन

यूस्तीना हुमार ऑर्गन समितीची अध्यक्ष झाली ती गैरहजर असल्यामुळे. फादर सिल्वेस्तरांच्या घरी बैठक चालली होती. भट्टीतला अक्रोडाचा पाव करपेल म्हणून ती मधेच उठून घरी गेली. परत येते तो लाकूडगिरणीवाला फेलिक्स स्क्र्ट टाळ्या वाजवत उभा.

"या, अध्यक्षबाई! एकमताने निवडलंय तुला."

"माझं मत न घेताच एकमत?"

"तुला पाव महत्त्वाचा वाटला, त्याला आम्ही काय करणार?"

ती हसली नाही. खुर्चीत बसली आणि बुटांचे बंद सैल केले. चीजच्या कारखान्यात अख्खा जन्म उभ्याने काढून तिचे पाय कामातून गेले होते. नवरा, बोगोमिर, आदल्याच हिवाळ्यात वारला होता. गावाला वाटलं, बाईला आता काहीतरी उद्योग हवा. तिला खरं तर झोप हवी होती.

आमचा जुना ऑर्गन भूकंपात गेला. छताचा गिलावा त्याच्यावर कोसळला, नळ्या चेपल्या, आणि जे लाकूड वाचलं ते किडीने पोखरलं. तेव्हापासून चर्चच्या माळ्यावर विजेवरची पेटी होती. गाव तिला 'डबा' म्हणायचं. हा डबा क्लावदिया लेबान वाजवायची. लग्न असो, मयत असो, गुडघाभर बर्फ असो, क्लावदिया हजर. मी तिच्या पाठीमागे उभी राहून कोरसमध्ये गायचे, म्हणून हे सगळं मला जवळून ठाऊक आहे.

समितीचं काम म्हणजे भांडणं मिटवणं, हे यूस्तीनाला पहिल्याच वर्षी कळलं. फेलिक्सला खोऱ्यातला सगळ्यात मोठा ऑर्गन हवा होता. ऑर्गन बांधणारे उस्ताद व्हिताल माळ्यावर चढले, तुळईवर मूठ आपटून म्हणाले, "एवढा मोठा बसवलात तर पहिल्याच सुराला सगळे मिळून खाली जाल." फेलिक्सने महिनाभर अबोला धरला. मग फादर सिल्वेस्तरांची बदली झाली. नवे फादर तरुण, त्यांना आधी चर्चची फरशी गरम करायची सोय हवी होती.

"लोकांचे पाय गारठतात हो, यूस्तीनामावशी."

"गारठू देत, फादर. त्या उष्णतेने नव्या ऑर्गनचं लाकूड फाटलं तर उस्तादांना तुम्ही तोंड देणार का?"

फादरांनी फरशीचा विषय सोडला. पण त्या रात्री तिला माझ्याकडे बोलल्याशिवाय राहवलं नाही. "पाय तर माझेही गारठतात गं," म्हणाली.

जत्रेत चेस्टनट भाजून विकायला ती, वर्गणीसाठी दारोदार फिरायला ती, उस्तादांच्या माणसांना योता, म्हणजे आंबवलेल्या कोबीचं दाट सार, शिजवून घालायलाही तीच. समितीतला एक जण वारला, एक लेकीकडे गोरीत्सेला राहायला गेला. नव्याने यायला कोणी तयार नव्हतं. सल्ले द्यायला मात्र अख्खं गाव तयार होतं. नळ्या चकचकीत का नाहीत, म्हणून पोस्टमनसुद्धा तिला अडवायचा.

या सगळ्यात एक गोष्ट ती पुढे पुढे ढकलत राहिली. नव्या ऑर्गनला पायांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्या होत्या. क्लावदियाच्या खुब्याचा सांधा बदललेला, तिला जिना चढतानाच धाप लागायची. तोल्मिनहून ऑर्गन शिकलेली एक मुलगी रविवारी वाजवायला येईल, असं फादरांनी परस्पर ठरवलं होतं. हे क्लावदियाला सांगायचं कोणी? फादर म्हणाले, "अध्यक्षांनी." फेलिक्सने छताकडे पाहिलं.

शेवटी एका दुपारी यूस्तीना गेली. मला सोबत नेलं. क्लावदिया अंगणात घेवडा सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"आलात? मला वाटलं, उद्घाटनाच्या दिवशी पत्रिकेवरच वाचायचं."

यूस्तीना बाकावर टेकली. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला हवं? दोन वर्षं माझ्याशी बोलताना तू माझ्या पायांकडे बघतेस."

यूस्तीनाने एक मूठ शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सोलायला लागली. 

"मी दमलेय गं, क्लावदिया," ती म्हणाली. "आधीच यायला हवं होतं. रोज ठरवायचे, आणि रोज अंगात त्राण नसायचं."

"मग मी काय, ताजीतवानी आहे?" क्लावदिया फणकारली. "तुझ्या बोगोमिरच्या मयतीला माझी बोटं थंडीने वळत नव्हती. वाजवलंच ना?"

"वाजवलंस."

"हळू सोल. निम्मे दाणे मातीत टाकतेस."

 निघताना क्लावदियाने घेवड्याची पिशवी यूस्तीनाच्या हातात दिली, पण फाटकापर्यंत आली नाही.

उद्घाटनाला बिशप आले. राजधानी ल्युब्लियानाहून आलेल्या वादकाने पहिला सूर धरला तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या. फेलिक्स उघड रडत होता. क्लावदिया इतक्या वर्षांत प्रथमच खाली बाकावर बसली होती, यूस्तीनाच्या शेजारी. दुसऱ्या रचनेला यूस्तीनाची मान कलली. तिसरीला ती गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, खांदा क्लावदियाच्या अंगावर. मागून फेलिक्सने तिला हलवायला हात पुढे केला.

"हात लावलास तर बघ," क्लावदिया दात आवळून म्हणाली.

बिशपांनी समितीचे आभार मानले तेही यूस्तीनाने ऐकले नाहीत. लोक आजही तिला त्यावरून चिडवतात. ती म्हणते, बरी झोप लागली.

तोल्मिनची मुलगी रविवारी येते. पण मयती काही रविवार बघून होत नाहीत. जानेवारीत दूधवाल्याची आई गेली, तेव्हा फादर क्लावदियाच्या दारात उभे राहिले. तिने त्यांना थोडा वेळ थंडीत उभं ठेवलं आणि मग कोट चढवला. पायपट्ट्यांना ती शिवलीच नाही. मऊ आवाजाच्या नळ्यांच्या दोनच रांगांवर, नुसत्या हातांनी वाजवलं. आम्ही गायलो. खाली उतरल्यावर म्हणाली, "मयतीला एवढं पुरतं."

यूस्तीना त्या मयतीला आली नव्हती. मी सांगायला गेले तर ती स्वयंपाकघरात पाय गरम पाण्यात घालून बसली होती. सगळं ऐकून घेतलं, किटलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "तेवढं अजून थोडं पाणी ओत गं. हे निवलंय."