आप्पांचं शिबिर, भाऊंचं शिबिर

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या अंगणात दोन रंगांचे पेव्हर ब्लॉक आहेत. फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत लाल, तिथून मागच्या भिंतीपर्यंत करडे. लाल आप्पांनी बसवून दिले, करडे भाऊंनी. दोघांच्याही पाट्या आहेत आणि दोन्हींवर 'यांच्या अथक प्रयत्नांतून' असं कोरलेलं आहे. दोन रंग जिथे भेटतात तिथे बोटभर उंचवटा राहिलाय. तिथे ठेच लागली की माणसं दोघांनाही शिव्या देतात, हाच काय तो आमचा तटस्थपणा.

आमच्या प्रभागात लढत दोनच पक्षांत होते. तिसरा कुणी उभा राहिला तर लोक त्याची आजारी माणसासारखी चौकशी करतात. आमचा भाग त्यांतल्या एका पक्षाचा, आणि त्या पक्षात दोन गट. एक आप्पांचा, एक भाऊंचा. आप्पा जुने, धोतरातून सफारीत आलेले. भाऊ चाळिशीचे, पण बॅनरवर अजून पंचविशीतले. समोरच्या पक्षाशी दोघांचंही बरं होतं. वैर काय ते एकमेकांशी.

सोसायटीचा सेक्रेटरी मी. ठाण्याच्या एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्त माणूस घरी नुसता वाचत बसेल या काळजीने लोक त्याला हे पद देतात. सोसायटीचं धोरण माझ्याआधीपासून ठरलेलं होतं: कुणालाही दुखवायचं नाही. गणपतीला मंडप आप्पांकडून घेतला तर खुर्च्या भाऊंकडून घ्यायच्या. हळदीकुंकवाला दोघांच्या बायकांना बोलवायचं, पण वेगवेगळ्या वेळा सांगायच्या. मी या धोरणाला मनातून हसायचो आणि ते पाळायचो.

पालिकेच्या निवडणुकीआधी पक्षात वरून निरोप आला की तिकीट हवं असेल तर तरुण मतदार किती जोडले ते दाखवा. पुढच्याच रविवारी आप्पांनी आमच्या अंगणात लाल बाजूला नवमतदार नोंदणी शिबिर लावलं. माझी मुलगी, उशिरा झालेली आणि एकुलती, नुकती अठरा पूर्ण झालेली. ती सगळ्यांत आधी जाऊन बसली. ती या मताची खरोखर वाट बघत होती. आमच्या घरापासून शाळेच्या कोपऱ्यापर्यंत रस्त्याला फुटपाथ नाही, आणि त्या कोपऱ्यावर तिच्या मैत्रिणीच्या आजीला टेम्पोने उडवलं होतं. तेव्हापासून मुलीने फोनमध्ये प्रश्नांची यादी करून ठेवली होती. पहिलाच प्रश्न फुटपाथचा. मला ते पाहून कौतुक वाटायचं आणि थोडी दयाही यायची.

त्याच्या पुढच्या रविवारी करड्या बाजूला भाऊंचं शिबिर लागलं. भाऊंचा माणूस वर येऊन सांगून गेला की सर, तुमच्या बिल्डिंगमधली पाचही पोरं आपल्याकडे पाहिजेत हां, भाऊ स्वतः येणारेत. मी मुलीला खाली जायला सांगितलं.

"बाबा, माझा फॉर्म गेलाय. आप्पांच्या इथे भरला ना."

"भर गं परत. काय बिघडतंय? टाकीचं काम अजून व्हायचंय आणि ते भाऊंच्या हातात आहे."

"दोनदा भरून चालतं?"

"वर कुणीतरी एक काढून टाकेल."

ती गेली. फॉर्म हातात धरून भाऊंच्या शेजारी तिचा फोटो निघाला, जसा आधीच्या रविवारी आप्पांच्या शेजारी निघाला होता.

'कुणीतरी एक काढून टाकेल' असं मी बोललो, याचं मला आजही नवल वाटतं. एकाच पुस्तकाची दोनदा नोंद झाली तर काय करतात, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलंय. दोन्ही कार्डं बाजूला काढायची आणि मूळ प्रत समोर येईपर्यंत दोन्ही रोखून धरायची.

मग तिकिटं वाटली गेली. आप्पांना मिळालं. भाऊ दोन दिवस दिसेनासे झाले आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या पक्षाचा गमछा घालून उगवले. म्हणजे पक्ष दोन राहिले, उमेदवार दोन राहिले, आणि दोघंही आमचेच. बॅनरवाल्याला फक्त रंग बदलावा लागला.

पत्रकं सुरू झाली. दाराच्या फटीतून, पेपरात घालून, लिफ्टच्या दांडीला अडकवून. आप्पांचा जाहीरनामा, भाऊंचं वचनपत्र, आप्पांच्या वाढदिवसाचं आमंत्रण, भाऊंच्या वाढदिवसाचं आवाहन. मी ते सगळं न उघडता रद्दीच्या पिशवीत टाकायचो आणि असं टाकण्याचा मला बारीकसा अभिमान होता. शब्दांची इतकी उधळपट्टी वाचायची नसते असं माझं मत. एकच पत्रक मी बाजूला काढून ठेवलं, आप्पांचं. त्याच्या मागच्या पानावर 'प्रभागातील तरुणाईचा विश्वास' या मथळ्याखाली माझ्या मुलीचा फोटो होता.

ती दोघांच्याही चौकसभांना गेली. फुटपाथचं विचारलं. आप्पा म्हणाले, बेटा हुशार आहेस. भाऊंनी तिच्याबरोबर सेल्फी काढला. त्यानंतर तिचं ठरलं. कुणाला, ते तिने मला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली की गुप्त असतं ते, बाबा, तूच शिकवलंयस.

मतदानाच्या दिवशी आम्ही सकाळीच शाळेत गेलो. फाटकापासून नियमाच्या अंतरावर दोन टेबलं होती, आप्पांचं आणि भाऊंचं. आप्पांच्या टेबलावरच्या मुलाने माझी चिठ्ठी लगेच काढून दिली. तिचं नाव त्याच्या फोनमध्ये सापडेना. आम्ही भाऊंच्या टेबलाकडे गेलो. तिथेही नाही. दोघांच्याही फोटोत ती होती आणि यादीत नव्हती. आतल्या बाईंनी पुरवणी यादीही शांतपणे शेवटपर्यंत पाहिली आणि मान हलवली.

रांगेत आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या. त्यांच्या मुलाचं नाव लागलं होतं. त्यांनी मलाच विचारलं,

"अहो, तुम्ही सुनावणीला नव्हता गेलात का? पाचही पोरांची पाकिटं आलेली ना निवडणूक ऑफिसातून, खाकी. दोन-दोन अर्ज कसे म्हणून. मी तर याला घेऊन मूळ कागद दाखवून आले."

खाकी पाकीट मला आठवलं. भाऊंचा गुळगुळीत कागद आणि आप्पांचं कॅलेंडर यांच्यामध्ये होतं. त्यावर मुलीचं नाव टाइप केलेलं होतं. मला वाटलं, आता हे लोक नावानिशी पाठवायला लागले.

मी आत जाऊन मत दिलं. न देता परत जावं असं क्षणभर वाटलं, पण त्याने तिला काय मिळणार होतं? बाहेर आलो तेव्हा ती दोन टेबलांच्या मध्ये उभी होती. एक कार्यकर्ता तिला विचारत होता, ताई, झालं का मतदान?

घरी आल्यावर मी तिला पाकिटाचं सांगितलं. ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं. तिने कपाटातून आप्पांचं ते पत्रक काढलं, तिच्या फोटोचं, आणि टेबलावर ठेवलं.

"हे ठेवलंस. आणि ते टाकलंस."

"मी बघितलं नाही गं."

"तू काहीच बघत नाहीस, बाबा. तुला सगळं आधीच माहीत असतं."

आप्पा निवडून आले. महिन्याभरात भाऊ परत आप्पांच्या पक्षात आले आणि अंगणात दोघांचा एकत्र सत्कार झाला. व्यासपीठ बरोबर त्या उंचवट्यावर मांडलं होतं आणि ते किंचित डुगडुगत होतं. आभार मी मानले.

त्याच आठवड्यात तिने पुन्हा अर्ज भरला, घरी, स्वतःच्या फोनवरून. माझ्याकडे फक्त लाइट बिल मागितलं. पुढची पालिका पाच वर्षांनी, तेव्हा ती इथे असेल की नाही कुणास ठाऊक. तोवर घरात येणारा प्रत्येक कागद मी उघडतो. काल आप्पांच्या नातवाच्या बारशाचं आमंत्रण आलं. चार पानी होतं. शेवटपर्यंत वाचलं.