भासऱ्यासमोरची साक्ष

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्हीही चढलो नसतो, पण मग बिऱ्हाड रस्त्यावर मांडावं लागलं असतं. उमरेड रोडवरचं आमचं गाव तेव्हा निम्मं गाव आणि निम्मं नागपूर झालं होतं. एका बाजूला तुरीचं शेत, तर दुसऱ्या बाजूला चुन्यानं आखलेले प्लॉट. प्लॉट पडायला लागले आणि घरोघरी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. आमच्याकडं तर बोलायला भाऊच उरला नव्हता. बाबा गेले, आणि त्यांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, एका लेआउटवाल्याला अंगणात घेऊन आले.

पुढचं घर मोठ्या बाबांचं आणि मागच्या दोन खोल्या आमच्या. सगळी जागा मात्र कागदावर मोठ्या बाबांच्या नावानं होती. आजोबांनी जिवंतपणी वाटणी करून दिली होती, पण तोंडी. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी दोरी टाकून अंगण मोजलं आणि विहिरीपासून मागं धाकट्याचं, असं चार माणसांत सांगितलं. ती चार माणसं एकेक करून गेली. वाटणी डोळ्यांनी पाहिलेली दोनच माणसं आता जिवंत होती, मोठे बाबा आणि माझी आई. मोठे बाबा म्हणत, वाटणी-बिटणी काही नाही, लहान भावाला राहायला खोल्या दिल्या होत्या, आता त्या रिकाम्या करा.

गरिबांना कोर्टातून फुकट वकील मिळतो, हे मला कॉलेजातल्या एका बाईंनी सांगितलं. मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. आईला बसमध्ये घातलं आणि सिव्हिल लाईन्सला कोर्टात नेलं. आम्हाला मिळालेले वकील तरुण होते, कोट उन्हानं विटलेला, पण ऐकून घेणारे. त्यांनी दावा लावला आणि निकाल लागेपर्यंत आम्हाला हलवू नये असा हुकूमही मिळवला. मग म्हणाले, आता सगळं आईच्या साक्षीवर आहे. त्या नीट बोलल्या तर घर राहील.

पण आई मोठ्या बाबांसमोर कधीच बोलली नव्हती. मोठे बाबा तिचे भासरे. आमच्याकडं नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर बाई डोक्यावरचा पदर ढळू देत नाही आणि तोंडातून शब्द काढत नाही. एकाच अंगणात जन्म गेला, पण दोघं बोलायची ती माझ्या तोंडून. मोठे बाबा दोन हात अंतरावर उभे राहून मला म्हणायचे, "तुह्या मायले सांग, विहिरीचा दोर कुजला." आई भिंतीकडं तोंड करून मलाच म्हणायची, "सांग, उद्या नवा आणतो म्हणा." मी मध्ये उभी राहून दोघांनीही ऐकलेलं पुन्हा सांगायचे. भांडण लागलं तेव्हासुद्धा घर रिकामं करा हा निरोप माझ्याच तोंडून गेला. दावा लागल्यावर मोठ्या बाबांनी माझ्याशीही बोलणं टाकलं आणि अंगण पार मुकं झालं.

वकिलांना हे सांगितलं तर त्यांना हसू आलं. म्हणाले, कोर्टात त्यांच्याकडं बघायचंच नाही, जज्जसाहेबांकडं बघून बोलायचं. जसं काही आई डोळ्यांनी बोलत होती! घरी मी तिची रोज तयारी करून घ्यायचे. चुलीपुढं बसून ती सगळं घडाघडा सांगायची. दोरी कुठून कुठं गेली, कुणी धरली, आजोबा काय म्हणाले. पण बाहेर मोठ्या बाबांच्या वहाणा वाजल्या की ती वाक्य अर्ध्यात गिळायची. मला असा संताप यायचा की वाटायचं, तो पदरच एकदा विहिरीत टाकावा.

तारखेच्या दिवशी सकाळपासून आईनं पाणी प्यायलं नाही. आपण बाजूला गेलो आणि तेवढ्यात पुकारा झाला तर, ही तिची भीती. कोर्टाच्या व्हरांड्यात ती माझं मनगट धरून बसली होती आणि पट्टेवाल्यानं कुणाच्याही नावाचा पुकारा केला तरी दचकून उठत होती. शेवटी आमचं नाव आलं. आई पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ पुटपुटली. समोरच्या बाकावर मोठे बाबा बसले होते. तिनं त्यांना पाहिलं आणि पदर थेट नाकापर्यंत ओढला.

वकिलांनी विचारलं, वाटणी कधी झाली. आईनं माझ्याकडं मान वळवली आणि हळूच म्हणाली, "सांग वं साहेबाले, अखाजीले झाली म्हणा."

मी सवयीनं उभी राहिले आणि सांगूनही टाकलं. साहेब भडकले. साक्षीदाराला पढवणारी ही कोण, म्हणाले, आणि मला बाहेर काढलं. मी दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. आता तिला तोंडच राहिलं नव्हतं. आत साहेब विचारत होते, उत्तर देणार आहात की नाही?

तेवढ्यात दार ढकलून मोठे बाबा बाहेर आले. मागून त्यांचे वकील कुजबुजत आले, की तुम्ही आतच बसा, तुम्ही असल्यावर ती बोलणार नाही. मोठ्या बाबांनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याच बाकावर दुसऱ्या टोकाला बसले. मी न राहवून विचारलं, काहून आले बाहेर?

"तुही माय माह्यापुढं नाही बोलत," ते म्हणाले. "बोलू दे तिले."

आणि आत आई बोलायला लागली. आधी अडखळत, मग मोकळी. आवाज बाहेरपर्यंत स्पष्ट येत होता. मोठे बाबा खाली मान घालून ऐकत होते. त्या क्षणी मला ते इतके आपले वाटले, की दावा वगैरे सगळं संपलं, आता ते स्वतःच जाऊन खरं सांगतील, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

पुढच्या तारखेला त्यांची साक्ष होती. मला आत बसू दिलं, आई माझ्या शेजारी. मोठ्या बाबांनी शपथ घेतली आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, वाटणी झाली नाही. आमच्या वकिलांनी विचारलं, अखाजीला अंगणात दोरी टाकली होती ना? ते म्हणाले, दोरी कोणी टाकलीच नाही. मर्यादा पाळायला जो माणूस उठून बाहेर गेला, तोच खोटं बोलताना तसूभरही हलला नाही. मला काही कळेना.

शेजारी हालचाल झाली. आई उभी राहिली होती. पदर तिनं कपाळापर्यंत मागं सारला होता आणि ती सरळ त्यांच्याकडं बघत होती. त्यांना हाक काय मारायची हे तिला माहीत नव्हतं, कधी मारलीच नव्हती. तिनं हाक न मारताच म्हटलं, "दोरी तुमच्याच हातात होती."

साहेबांनी तिला खाली बसायला सांगितलं, मध्ये बोलाल तर बाहेर काढीन म्हणाले. ती बसली नाही. मोठे बाबा तिच्याकडं बघत राहिले, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. आमच्या वकिलांनी प्रश्न पुन्हा विचारला, दोरी कोणी धरली होती?

तिच्याकडं बघतच मोठे बाबा म्हणाले, "मीच धरली होती."

साहेबांनी ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर वकील म्हणाले, आता घर कुठं जात नाही. मला नाचावंसं वाटत होतं. आई बसमध्ये खिडकीला बसली आणि पदर पुन्हा नाकापर्यंत ओढून घेतला. सीताबर्डी मागं पडल्यावर बघते तर पदराआड ती रडत होती. मी म्हटलं, आई, आपण जिंकलो, घर आपलंच राहिलं.

"राहिलं वं," ती म्हणाली. "पण त्या घरात आता मी कोणत्या तोंडानं राहू?"